नान्नजच्या बांधावरची शेंदरी बुरशी

रंगीत अळंब्या बघायच्या तर माणसं आंबोली गाठतात, नाहीतर रात्री उजळणाऱ्या बुरशीसाठी भीमाशंकरच्या रानात चिखल तुडवतात. त्यासाठी सोलापूरला कुणी जात नाही. वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. आंबोलीत जुलैच्या एखाद्या जोरकस आठवड्यात तेवढा पडून जातो. शिवाय रान म्हणावं असं रान जिल्ह्यात जवळजवळ नाहीच. आहे तो माळ: मुरमाड, कुसळीचा, मधूनमधून बोर, हिवर, बाभूळ आणि वनखात्याने लावलेला कडुनिंब-गिरिपुष्प. तरीही मी गेले ते सप्टेंबरात, कारण सोलापूरचा खरा पाऊस सप्टेंबरातला. जूनमध्ये तो तोंड दाखवतो, जुलैत बरेचदा दडी मारतो आणि परतीच्या वाटेवर असताना काय ते देऊन जातो. दोन-तीन दिवसांची झड आणि मागून दमट ऊन असं जुळून आलं की मातीतलं आणि लाकडातलं बुरशीचं जाळं वर फळ धरतं. आपण जिला अळंबी म्हणतो ते हे फळ. झाड आत असतं, तंतूंचं, वर्षभर.

मला हवी होती ती लाल बुरशी. मेलेल्या लाकडावर पंख्यासारखी आडवी वाढणारी, वरून-खालून एकाच शेंदरी रंगाची. शास्त्रज्ञ या कुळीला पिक्नोपोरस म्हणतात. अलीकडे बरेच जण ती ट्रॅमेटिस या मोठ्या कुळात घालतात. हिच्या चार जाती सर्वसाधारणपणे मानल्या जातात आणि त्यांतली पुनिसियस नावाची एक फार क्वचित सापडते, आफ्रिका-आशियाच्या उष्ण भागांत. ती सोलापुरात सापडेल अशी आशा बाळगणं हा आगाऊपणाच. पण रंगावरून या चारही एकसारख्या दिसतात, त्यामुळे लाल दिसली की पुढचं सगळं काम भिंगाचं. ओळख पटवायची ती याच कामात.

सोलापुरात उतरले त्या सकाळी विजापूर रस्त्यावरच्या सिद्धेश्वर वनविहारात आधी फेरी मारली. फिरायला येणाऱ्यांची गर्दी ओसरत आली होती. हिरवळीवर पांढऱ्या थोराड छत्र्यांची रांग उभी, टोपीवर तपकिरी खवले, दांड्यावर कडं. एक आजोबा काठीने त्या उडवत चालले होते. त्यांच्या लेखी ती कुत्र्याची छत्री, म्हणजे मुलांनी हात लावू नये अशी वस्तू. या बाबतीत आजोबांचं म्हणणं बरोबर निघालं. ही क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, जगभरच्या बागांत उगवणारी, दिसायला अगदी खाण्याजोगी आणि खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाबांनी आडवं करणारी. तिची गंमत अशी की वरून पांढरी असली तरी तिचे बीजाणू हिरवट असतात. टोपी कापून कल्ल्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवा, वर वाटी झाका, सकाळी कागदावर मळकट हिरवा ठसा उमटलेला दिसतो. एवढ्या मोठ्या पांढऱ्या छत्रीखाली हिरवा ठसा देणारी दुसरी जात सहसा भेटत नाही. वरचा रंग फसवतो आणि ठशाचा रंग सांगतो, हा बुरशी ओळखण्याच्या शास्त्रातला पहिला धडा सोलापूरकरांना फिरायच्या बागेत फुकट उपलब्ध आहे.

चांदीचं नाणं काळं पडलं की अळंबी विषारी, कांदा निळा झाला की विषारी, किड्यांनी खाल्लेली असली की चांगली, असल्या परीक्षा अजून सांगितल्या जातात. त्यातली एकही चालत नाही. सर्वांत घातक अळंब्यांचं विष शिजवूनही जात नाही आणि त्याची लक्षणंही उशिरा दिसतात, यकृताला धक्का लागून गेल्यावर. शहराच्या पूर्व भागात, जिथे मागांचा खडखडाट आणि तेलुगू बोली एकत्र ऐकू येते, तिथे एका पद्मशाली घरात चहा घेताना पुट्टगोडुगूचा विषय निघाला. वारुळावर उगवणारी ती पांढरी अळंबी आजीच्या आठवणीत अजून ताजी होती. पण आता ती कुठून आणायची, असं त्यांनीच विचारलं, आणि दुकानातल्या धिंगरीवर भागवतो असंही सांगितलं. विदर्भात सात्या, कोकणात अळंबी म्हणून जिच्यावर लोक पावसाळाभर डोळा ठेवून असतात ती हीच, टर्मिटोमायसिस. वाळवी तिला आपल्या वारुळात अक्षरशः पिकवते. चघळलेल्या पाल्याच्या गादीवर तिची शेती असते. वारूळ मोडलं की शेती गेली.

दुपारी बार्शीकडची एसटी धरली आणि नान्नजला उतरले. सोलापूरपासून वीस-बावीस किलोमीटर. बाहेरच्यांना हे नाव मालढोक पक्ष्यामुळे माहीत. १९७९ साली इथे अभयारण्य जाहीर झालं तेव्हा कागदोपत्री त्याचा पसारा ८,४९६ चौरस किलोमीटर होता. गावं, शेतं, रस्ते, सगळं त्यात. पुढे ते आटून १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. मालढोक त्याहून वेगाने आटला. आता एखादा दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते. माळावर काळविटं मात्र भरपूर आणि नशीब असेल तर लांडगा. शेतकऱ्यांना नान्नज ठाऊक आहे ते वेगळ्याच कारणाने. ‘सोनाका’ हे लांब मण्यांचं द्राक्ष इथल्या नानासाहेब काळे यांनी आपल्या मळ्यात निवडून काढलं. त्यामुळे अभयारण्याच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकलं की द्राक्षाचे मांडव सुरू होतात.

बुरशी बघायला आलेल्या माणसाला या मांडवांचा फार उपयोग. द्राक्षबागायतदाराइतकं बुरशीचं बारीक निरीक्षण महाराष्ट्रात दुसरं कोणी करत नसेल. पानामागे पांढरी लव दिसली की केवडा, पानावर राख भुरभुरल्यागत दिसली की भुरी, हे तो चालत्या मोटरसायकलवरून सांगतो, आणि दोन्हींची औषधं वेगळी हेही. केवडा शास्त्राच्या आजच्या हिशेबात खरी बुरशी नाही, तो पाण्यातल्या शैवालांचा लांबचा नातलग आहे. मांडवाखाली उभं राहून हे सांगण्यात अर्थ नव्हता. फवारणीचं वेळापत्रक त्याने बदलत नाही.

अभयारण्याच्या हद्दीत वनरक्षकाबरोबर गेले. तिथे काहीही उचलायचं नाही, अळंबीसुद्धा नाही, फक्त फोटो. मारवेल आणि पवन्या गवत गुडघ्यापर्यंत आलेलं, मधेच मुरमाचा उघडा पट्टा. त्या पट्ट्यात पोडॅक्सिस नावाची अळंबी दिसली. दांडा वीतभर, टोपी उभट आणि मळकट पांढरी, खवलेदार. ही टोपी शेवटपर्यंत उघडत नाही. आतल्या आत कल्ले विरून काळपट पूड होते, साल फाटते आणि माळावरचा वारा ती पूड घेऊन जातो. पावसाच्या प्रदेशातली अळंबी टोपी उघडून बीजाणू खाली सोडते. कोरड्या प्रदेशात तेवढी सवड नसते, ओल टिकत नाही, म्हणून हिने वेगळा मार्ग धरला. १७७१ साली लिनियसने तिला पहिलं शास्त्रीय नाव दिलं ते हिंदुस्थानातून गेलेल्या नमुन्यावरून. म्हणजे ही आपल्याच कोरड्या मातीतून जगाच्या वहीत गेलेली. राजस्थानात कोवळी असताना ती भाजीला घेतात. ऑस्ट्रेलियातले आदिवासी तिच्या काळ्या पुडीने पिकलेल्या दाढीमिशा रंगवत असत. वनरक्षकाने ती रोज बघितलेली होती आणि तिच्याकडे कधी वाकून बघावं असं त्याला वाटलं नव्हतं. मालढोकाच्या पिसाचा तुकडा मात्र त्याने वहीत जपून ठेवलेला. त्यात त्याची काही चूक नाही. पगार पक्ष्याच्या नावावर आहे.

पण लाल काही दिसेना. माळावर लाल काही उगवायचं तर आधी मेलेलं, आडवं पडलेलं, दोन-तीन पावसाळे कुजत राहिलेलं लाकूड पाहिजे. इथे तेच नाही. झाडं मुळात विरळ. जी वठतात त्यांची फांदीन् फांदी कुणीतरी उचलून नेतं. चुलीला, अंघोळीच्या बंबाला, हॉटेलच्या भट्टीला. वनविहारातही पडलेल्या फांद्या गोळा करून एका कडेला रचून ठेवलेल्या होत्या, स्वच्छता म्हणून. लाल बुरशी दुर्मीळ आहे की तिचं घर दुर्मीळ आहे, हा प्रश्न या जिल्ह्यात फार वेळ विचारावा लागत नाही.

ती दिसली शेवटी हद्दीच्या बाहेर, वडाळ्याच्या दिशेने जाणाऱ्या एका पायवाटेवर. शेताच्या बांधाला आंब्याचं जुनं खोड आडवं पडलेलं. साल निघून गेलेली, वर उडदाच्या शेंगांचा भुसा. खोडाच्या सावलीकडच्या अंगाला ओळीने शेंदरी पंखे, लहान नखाएवढ्यापासून तळहाताएवढ्यापर्यंत. रंग असा की चालता चालता डोळा थांबावाच. मी खोडाशेजारी बसून भिंग काढलं तेव्हा बांधाच्या पलीकडून आवाज आला.

“काय शोधायलाव ओ ताई?”

सांगितलं. शेतकरी जवळ आले, उकिडवे बसले. “हे व्हय? शेंदूर फासल्यावाणी हाय बगा. लेकरं म्हनत्यात हितं देव हाय.” मग एक क्षण थांबून बागायतदाराचा खरा प्रश्न विचारला, “ह्याच्यावर मारायचं काय?”

काहीच नाही, हे त्यांना पटवायला वेळ लागला. ही मेलेल्या लाकडावर जगते, चांगल्या वेलीच्या वाटेला जात नाही. पटल्यावर मात्र त्यांनीच मला खोडाची हकीकत सांगितली: आंबा आजोबांनी लावलेला, दुष्काळात वठला, वादळात पडला, फांद्या आधीच गेल्या, बुंधा जड म्हणून राहिला. “आता उचलून बगा. हलकं झालंय. जळत बी न्हाई धड, नुसतं धुमसतंय.” लाल बुरशी लाकडाचं काय करते याचं याहून नेमकं वर्णन पुस्तकात नाही. लाकडाला कणखरपणा आणि जळण्याची ताकद देणारं लिग्निन नावाचं द्रव्य असतं, फार चिवट, बहुतेक जिवाणूंना न पचणारं. ते फोडणारी विकरं या बुरशीकडे आहेत. लिग्निन गेलं की मागे फिकट, तंतुमय, हलकं लाकूड उरतं. याला पांढरी कूज म्हणतात. स्वतः तांबडी असलेली बुरशी लाकूड पांढरं करते.

त्या विकरांपैकी लॅकेझचं सोलापूरशी एक जुळणारं नातं आहे. कापडाच्या रंगांचे रेणूही लिग्निनसारखेच चिवट असतात आणि रंगणीच्या सांडपाण्यातला रंग फोडायला पिक्नोपोरसचं लॅकेझ वापरून बघणारे प्रयोग जगभरच्या प्रयोगशाळांत झाले आहेत. चादरी-टॉवेलांच्या या गावात रंगाचं पाणी हा रोजचा विषय. बुरशीचा स्वतःचा रंगही याच विकराच्या कामातून तयार होतो. त्या द्रव्याला सिनाबारिन म्हणतात, काही जिवाणूंची वाढ ते रोखतं. ऑस्ट्रेलियात तोंड आलेल्या बाळांच्या हिरड्यांना ही बुरशी चोळायची पद्धत होती. तसं करून बघू नका, एवढंच सांगते.

आता ओळख. लाल आडवे पंखे म्हटलं की आधी गॅनोडर्मा वगळायची. गुलमोहर, बाभूळ यांच्या बुंध्याशी तीही तांबूस, वार्निश दिल्यागत चकचकीत असते, पण तिची खालची बाजू पांढरट आणि बीजाणू तपकिरी. पावसाळ्यात भोवतालच्या पानांवर कोकोची पूड सांडल्यासारखी दिसते. इथे खालची बाजू वरच्याहून गडद लाल होती. उन्हाने टोपी फिकट नारिंगी, जुन्या तुकड्यांवर जवळजवळ पांढुरकी झालेली, पण पालथी केली की तोच शेंदरी. फोटो काढणारे नेहमी वरूनच काढतात आणि ओळख मात्र खाली लिहिलेली असते. कल्ले नाहीत, बारीक छिद्रं आहेत. कल्ले असते तर ही कुळीच नव्हे.

पुढे छिद्रं मोजायची. दहापटीचं भिंग, पारदर्शक पट्टी, एक मिलिमीटरच्या अंतरात किती छिद्रं येतात ते वेगवेगळ्या जागी मोजून बघायचं. कंटाळवाणं काम आहे आणि त्याला पर्याय नाही. थंड प्रदेशातल्या सिनाबारिनस जातीत एका मिलिमीटरला साधारण तीन-चार छिद्रं येतात, मांसही जाड असतं. दुर्मीळ पुनिसियसची छिद्रं मोठी आणि वेडीवाकडी, नुसत्या डोळ्यांना सहज दिसणारी. सँग्विनियसची बारीक, गोल, पाच-सहा, आणि टोपी पातळ, वाळली की चामड्यासारखी. बांधावरच्या आंब्यावर मोजणी पाच-सहाच्या घरात आली, पुन्हा पुन्हा. टोपी पातळ होती. म्हणजे दुर्मीळ नव्हे, उष्ण प्रदेशात सर्वत्र सापडणारी सँग्विनियस किंवा तिची सख्खी बहीण.

बहीण म्हणते ते उगाच नाही. सँग्विनियसचं मूळ वर्णन लिनियसचं, १७६३ सालचं, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या नमुन्यावरून. त्यानंतर दीडदोनशे वर्षं उष्ण देशांतल्या प्रत्येक पातळ लाल बुरशीला तेच नाव चिकटत गेलं. २०११ साली फ्रेंच संशोधकांनी ठिकठिकाणच्या ३६ वाणांची जनुकं ताडून बघितली तेव्हा नव्या जगातले आणि जुन्या जगातले वाण वेगवेगळ्या फांद्यांवर बसले. कॉक्सिनियस नावाची चौथी जात आशिया-ऑस्ट्रेलियाच्या बाजूला आहे आणि भिंगाखाली ती सँग्विनियसपासून वेगळी काढणं अवघड. तेव्हा नान्नजच्या बांधावरची ही शेंदरी बुरशी पुस्तकी नावाने सुरिनामची, पण वंशाने बहुधा इथलीच. हा निवाडा भिंगाने होत नाही. त्याला जनुकातला आयटीएस नावाचा तुकडा वाचावा लागतो. बुरशींसाठी तो २०१२ पासून ओळखपट्टी म्हणून मानला जातो.

शेतकऱ्यांच्या परवानगीने एक पंखा सुरीने लाकडाच्या चिपेसकट काढला. चीप हवीच, कारण यजमान लाकूड कोणतं हे नंतर कुणी विचारलं तर पुरावा राहतो. कागदाच्या पाकिटात ठेवला. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशीवर दुसरी बुरशी येते. पाकिटावर तारीख, गाव, लाकूड, ऊन की सावली, ताज्या तुकड्याचा रंग, वास, छिद्रांची मोजणी. सोलापुरातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी सूक्ष्मदर्शक उघडून दिला. तिथे गुळगुळीत, लांबट, रंगहीन बीजाणू दिसले, लांबी पाच-सहा मायक्रॉन, रुंदी निम्म्याहून कमी. सगळं सँग्विनियसच्या बाजूचंच. ज्यांना पुढची पायरी गाठायची असेल त्यांच्यासाठी पुण्यातली आघारकर संशोधन संस्था आहे. राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रह आणि आजरेकरांच्या नावाचं वाळवलेल्या बुरशींचं भांडार तिथेच. १९४६ साली शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी उभी केलेली ही संस्था, आणि महाराष्ट्रातल्या बुरशींची कोणतीही चौकशी फिरून फिरून तिच्या दारात येते.

दुर्मीळ या शब्दाबद्दल प्राध्यापकांनी नाक मुरडलं ते मला आवडलं. जगात नावनिशीवार नोंदलेल्या बुरशी दीड लाखांच्या आसपास, आणि प्रत्यक्षात असतील असा अंदाज २२ ते ३८ लाखांचा. धोक्यातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत बुरशींची संख्या हजारावर गेली ती २०२५ साली. मालढोकाची गणना होते, वर्षाला होते, आणि म्हणून तो किती उरला ते कळतं. लाल बुरशीची गणना सोलापूर जिल्ह्यात कुणी करत नाही. ती जगभर विपुल असूनही इथे एका वठलेल्या आंब्यापुरती असू शकते, आणि पुनिसियस एखाद्या देवराईतल्या खोडावर निवांत वाढत असू शकते. माळरानावर काम करणाऱ्यांनी झाडं लावण्याचा आग्रह थोडा कमी करून पडलेलं लाकूड पडू देण्याचा आग्रह धरला तर निदान यादी करायला काहीतरी उरेल. माळावर मुळात झाडांची गर्दी नकोच, हे मालढोकाचे अभ्यासकही सांगतात. पण देवळामागचे जुने कडुनिंब, ओढ्याकाठचा अर्जुन, विहिरीवरचा उंबर, यांची मेलेली खोडं तरी जागेवर राहावीत.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी: गणपतीनंतरचे दिवस बरे. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस थांबून जावं. बुरशी लाकडावर महिनोन् महिने टिकते, पण रंग पहिल्या आठवड्यांतच खरा. अभयारण्यात शिरण्याआधी वनखात्याची परवानगी घ्यावी आणि हद्दीतलं काही उचलू नये. नान्नजच्या फाट्यावर कडक भाकरी, शेंगाचटणी मिळते. वखारींच्या मागचे ओंडकेही बघावेत. लाल बुरशीला देशी-परदेशी लाकडाचा विधिनिषेध नाही. आणि वडाळ्याकडच्या बांधावरचा तो आंबा बघायचा असेल तर घाई करा. निघताना मी शेतकऱ्यांना खोड राहू द्या म्हटलं, तेव्हा त्यांनी हिशेब सांगितला: “पौषापतोर ऱ्हाईल. मग हुरडा सुरू झाला की आगटीला लागतंय. धुमसंना का, हुरड्याला धुमसलेलंच बरं.”